वनराज भाटिया : सूर, श्रम आणि स्वामित्व

संगीतकाराविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्याकडील लेखणी लगेच 'दैवी देणगी', 'सरस्वतीचा वरदहस्त' अशा शब्दांकडे वळते. हे शब्द मला मान्य नाहीत. देणगी म्हटले की शिक्षणाचा प्रश्न मिटतो आणि मोबदल्याचाही. वनराज भाटिया यांची कारकीर्द याच कारणासाठी आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी असे वाटते.

भाटियांचा जन्म १९२७ सालचा, मुंबईतला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम.ए. होऊन ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथून पॅरिसला, नादिया बुलांजे या थोर शिक्षिकेकडे. एरन कोपलंड, फिलिप ग्लास असे जगन्मान्य संगीतकार ज्यांच्या हाताखाली घडले, त्या या बाई. शिष्यवृत्त्यांच्या बळावर भाटियांनी परदेशात सुमारे दहा वर्षे केवळ शिकण्यात घालविली. सधन घरातला, उत्तम इंग्रजी जाणणारा तरुण. तरीही दहा वर्षे! पदवी हाती पडली की शिक्षण संपले असे मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

१९५९ साली ते परतले, काही वर्षे दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकविले आणि पोटासाठी जाहिरातींना चाली दिल्या. त्यांच्या जाहिरात-चालींची संख्या हजारोंत मोजली जाते. धबधब्याखाली नाहणाऱ्या मुलीची लिरिल साबणाची जाहिरात आठवणाऱ्या किती जणांना तिच्या संगीतकाराचे नाव सांगता येईल?

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला आणि चित्रपटाच्या कामाला सुरुवात झाली. पुढे 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'मंडी'. 'भूमिका' तर आपल्या हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला; त्यात जुन्या काळच्या चित्रगीतांचा बाज भाटियांना नव्याने उभा करावा लागला. 'मंथन'ची हकिकत अधिक बोलकी आहे. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला. गावातील दूध संस्थेत सवर्ण आणि दलित एका रांगेत उभे राहतील काय, हा त्याचा गाभा. त्यातील प्रीती सागर यांनी गायिलेल्या गीताला भाटियांनी गुजरातच्या मातीचा असा काही सूर दिला की ते पारंपरिक लोकगीतच असावे असा कित्येकांचा समज झाला. तेच गीत पुढे अमूलच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचले. चाल लोकांची होऊन जाते तेव्हा चालकर्त्याचे नाव गळून पडते. याला कौतुक म्हणावे की अन्याय, याचे एकच उत्तर मला देता येत नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी ओढ अर्थातच दूरदर्शनवरील कामाकडे. १९८८ साली सुरू झालेली 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली होती. तिच्या शीर्षकगीतासाठी ऋग्वेदातील नासदीय सूक्त निवडलेले. वेदप्रामाण्य आम्ही मानीत नाही, हे सांगावयास नको. पण हे सूक्त विश्वाची उत्पत्ती कोणाला ठाऊक आहे असे विचारते आणि उत्तराचा दावा न करता थांबते. भाटियांनी त्या प्रश्नाला समूहस्वराचे गांभीर्य दिले. त्यात देवघरातील आरतीचा सूर नाही. मालिकेतील इतिहासदृष्टीवर माझे आक्षेप आहेत, ते अन्यत्र मांडीन. त्या संगीतावर मात्र नाहीत.

त्याच वर्षी दूरदर्शनवर 'तमस' दाखविला गेला. भीष्म साहनींच्या या कथेत फाळणीच्या दंगलीची ठिणगी पाडण्यासाठी नथू नावाच्या चर्मकाराकडून फसवून डुक्कर मारून घेतले जाते. कारस्थान दुसऱ्यांचे, अपराधाचे ओझे मात्र नथूच्या उरावर. भाटियांचे संगीत त्या माणसाच्या वेदनेला वाचा देते. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री.

आणि २०१९ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, हाच माणूस आपल्या बँक खात्यात पैसा उरला नसल्याचे सांगत असल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली. मदतीचे हात पुढे आले. ७ मे २०२१ रोजी ते गेले. त्यांच्या हलाखीची सगळी कारणे कायद्यात शोधणे योग्य होणार नाही. तरीही कायदा काय होता ते पाहिले पाहिजे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माताच. भाटियांची उमेदीची सारी वर्षे या निर्णयाच्या छायेत गेली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील समान वाटा सोडून देता येणार नाही असा केला, तेव्हा भाटिया ८५ वर्षांचे होते.

गावगाड्यात हलगी-सनई वाजविणाऱ्याला बलुते मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. वाजविणे हे त्याचे जातीचे काम ठरलेले; मग त्याला कलावंत तरी कोण म्हणणार आणि मोल तरी कोण ठरविणार? म्हणून संगीत शिकण्याची आपल्या मुलांना लाज वाटू नये, आणि फुकट वाजविण्याची सवयही लागू नये. वसतिगृहात जयंतीपुरती ढोलकी बाहेर काढण्याऐवजी वर्षभर स्वरलेखन शिकविणारा शिक्षक नेमावा, असा प्रस्ताव मी संस्थेपुढे ठेवीत आहे. आपले काही माजी विद्यार्थी आज स्वतःच्या चाली ध्वनिमुद्रित करीत असतील. एकरकमी पैशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी कॉपीराइट कायद्याचे अठरावे कलम एकदा वाचावे. ते समजावून घेण्यासाठी शाळेत यावयाचे असल्यास रविवारी मी मोकळा असतो.