नवे पोप अमेरिकेचे, पण नाव कामगारांची बाजू घेणाऱ्याचे

कन्हान : ८ मे २०२५ च्या रात्री रोममध्ये नवे पोप निवडले गेले, तेव्हा इकडे सगळ्यांचं लक्ष सीमेवरच्या लढाईकडे होतं. मतदान करणाऱ्या १३३ कार्डिनलांमध्ये गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव यांच्यासह चार भारतीय होते. निवडून आले रॉबर्ट प्रिव्होस्ट. त्यांनी नाव घेतलं लिओ चौदावे.

पहिली चर्चा एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे पोप अमेरिकेचे! कोणी खूश झालं, कोणाला वाटलं आता इथंही अमेरिकेचंच चालणार. पण या माणसाची कितीतरी वर्षं पेरू देशातल्या गरीब वस्त्यांत गेली. तिथलं नागरिकत्वही त्यांच्याकडे आहे.

नावाकडे मात्र कमी जणांचं लक्ष गेलं. लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये लेखी सांगितलं होतं की मजुराला घर चालेल एवढी मजुरी मिळावी आणि संघटना करण्याचा हक्कही असावा. त्यांची आठवण म्हणूनच हे नाव घेतलं, असं नव्या पोपनी सांगितलं. कोळसा खाणींच्या कन्हान-कांद्री पट्ट्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

११ मे रोजी त्यांनी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचं स्वागत केलं. शेजारी कामठीची लष्करी छावणी असलेल्या गावांना त्याचं मोल कळतं.

पोपजवळ फौज नाही, शब्द आहे. त्यामुळे पासपोर्ट नव्हे, शब्द तपासावा. खाणीतली मजुरी मात्र रोमहून वाढणार नाही, ती इथंच एकीनं मागावी लागेल.