दिनांक : कोरलेला आणि बसवलेला

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे आज आपण निःशंकपणे सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख वाचला तेव्हा पहिला अंक त्यांना सात वाटला आणि मंदिर एकदम दोनशे वर्षांनी जुने झाले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२ हे वाचन दिले. ते शिलाहार राजा माम्वाणीच्या काळाशी जुळते. चूक दुरुस्त झाली, कारण दगड जागेवर होता.

हे आठवले ते एका शोधनिबंधाच्या मसुद्यामुळे. उल्हासनगरच्या एका विद्यार्थिनीचा हा मसुदा. कोणाची कल्पना कोणी आधी मांडली, असा दोन कवींमधला वाद त्यात आहे, आणि त्याचा निकाल लावला आहे एका स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीतील दिनांकावरून. मूळ मजकूर केव्हाच काढून टाकलेला. म्हणजे एका जिवंत माणसावर वाङ्मयचौर्याचा आरोप, आणि साक्षीदार कोण, तर बोटभर रुंदीची ती पट्टी!

ही पट्टी हवी तशी सजवता येते, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? अ‍ॅपची जाहिरात करणाऱ्यांचा तो रोजचा व्यवहार आहे. अ‍ॅपलच्या चित्रांत घड्याळ नेहमी ९:४१ दाखवते आणि आयपॅडवर वार-तारीख असते मंगळवार, ९ जानेवारी. २००७ साली याच दिवशी आयफोन जगापुढे आला. (त्या वेळच्या चित्रात ९:४२ होते, एक मिनिट मागाहून कमी झाले.) २०१९ पासून अ‍ॅपलच्या सिम्युलेटरमध्ये एका ओळीच्या आज्ञेने ही वेळ आणि तारीख बसवता येते, अँड्रॉइडमध्येही घड्याळ बदलण्यासाठी डेमो मोड आहे. भरलेली बॅटरी, पूर्ण सिग्नल, कधीही न सरणारी सकाळ. यात आम्हांला लबाडी दिसत नाही. हा कहाणीतल्या आटपाट नगराचा काळ आहे आणि तो तसाच वाचायचा असतो.

पण संकेत म्हणून बसवलेला दिनांक पुरावा म्हणून वाचला की घोटाळा होतो. उल्हासनगरकरांना हे आम्ही काय सांगावे? 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' ही थट्टा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या गावाच्या कष्टांवर ती अन्याय करते, हे खरेच. मात्र शिक्का आणि माल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे ती शिकवते.

शिवाय पट्टीतील दिनांक अस्सल असला तरी तो चित्र टिपल्याचा असतो, मजकूर लिहिल्याचा नव्हे. आमच्या मते मसुद्यातील खरी चूक हीच. ती पकडायला तंत्रज्ञ लागत नाही. हस्तलिखिताच्या रचनेचा काळ आणि नकलेचा काळ वेगळा धरणारा आपला कोणताही पाठचिकित्सक ती पकडेल.

न्यायालये याबाबत आपल्याहून सावध निघाली. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता आणि पुराव्यात निवडणूक कार्यालयातील चित्रफिती होत्या. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच. साहित्याच्या वर्गात मात्र आपण चित्र चिकटवतो आणि खाली 'पुरावा' असे लिहितो.

मसुदा आम्ही परत दिला. विद्यार्थिनीने तो परिच्छेद गाळला नाही. चित्राखाली तिने आता 'टिपल्याची वेळ' असे लिहिले आहे. 'लिहिल्याची वेळ' यापुढची जागा कोरी ठेवली आहे, आणि दोन्ही कवींना पत्रे धाडली आहेत. एकाचे उत्तर अद्याप आलेले नाही.