पंधरा दिवसांची मास्तरीण

लंडनहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव. मुलगी तिकडेच जन्मली, वाढली, आता विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरच्या सुट्टीत नानांच्या गावी येऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा दिवस मोफत इंग्रजी शिकवायची तिची इच्छा आहे. नाना खूश आहेत, खालाने खोली झाडून ठेवली आहे. मुलीच्या अब्बांना मात्र पाण्याची, डासांची आणि लोक काय म्हणतील याची काळजी लागली आहे. ‘पाठवू का?’ असे भगिनींनी विचारले आहे.

जरूर पाठवा. पण डिसेंबरात नको आणि पंधरा दिवसांसाठी तर नकोच.

डिसेंबर का नको, हे राणीसावरगावच्या माहेरवाशिणीला खरे तर आम्ही सांगायला नको, पण बरीच वर्षे परदेशात राहिले की गावाचे वेळापत्रक विसरायला होते. हा बालाघाटाकडचा कोरडवाहू पट्टा. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ज्यांना मागे सांभाळणारे कोणी नाही, ती लेकरेही टोळीबरोबर जातात. काही गावांत शासनाच्या हंगामी वसतिगृहांमुळे मुले आजी-आजोबांजवळ थांबतात, दोन वेळचे जेवण तिथे मिळते. पण सगळीच थांबत नाहीत. म्हणजे जी मुले अभ्यासात सर्वांत मागे, ज्यांना जास्तीच्या ताईची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच डिसेंबरात वर्गात नसतील. आपली पाहुणी हजर असलेल्या हुशार मुलांकडून ‘व्हॉट इज युवर नेम’ घोकून घेईल, फोटो काढील आणि शाळा फार छान होती म्हणत परत जाईल. छान असेलच. पण तिला अर्धीच शाळा दिसलेली असेल.

आता पंधरा दिवसांचे. पहिला आठवडा तर गर्दीतच जातो. मुले तिचे बूट बघतात, तिची मराठी ऐकून हसतात, शेजारणी चहाला बोलावतात, सगळे गोड गोड. दुसऱ्या आठवड्यात तिला कळू लागते की चौथीतल्या एखाद्या मुलाला इंग्रजीच काय, मराठीतला जोडाक्षराचा शब्दही वाचता येत नाही. तेव्हा मात्र तिची बॅग भरायची वेळ झालेली असते.

परदेशातून येऊन इथे शिकवण्याची गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. सिंथिया फॅरार ही न्यू हॅम्पशायरची अमेरिकन बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत उतरली. तेव्हा वय बत्तीस, लग्न झालेले नाही, बोस्टनच्या मिशनने मुलींच्या शाळा चालवण्यासाठी धाडलेली. दहा वर्षांत प्रकृती खालावली आणि 1837 मध्ये तिला मायदेशी परतावे लागले. एवढ्यावर थांबली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण 1839 मध्ये ती पुन्हा आली, अहमदनगरला राहिली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. ती मिशनरी होती, धर्मप्रसार हा तिच्या कामाचा भाग होता, आणि आईबापांना तिच्या शाळेची धास्ती वाटली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. आजही बाहेरून कोणी शिकवायला आले की ‘याला नक्की हवे काय?’ हा प्रश्न गावाने विचारावाच. आम्हाला त्यात काही वावगे दिसत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा पाहिली ती याच बाईंची, नगरला. सावित्रीबाईंनीही तिथेच अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा उघडली. आणि 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत कामाचा भार उचलणाऱ्या फातिमाची सावित्रीबाई काळजी करताना दिसतात. या फातिमाविषयी कागदोपत्री फार थोडे हाती लागते; आमच्या घरांतल्या मुलींना तेवढेही ठाऊक नसते, ही खंत वेगळी. सांगायचे ते एवढेच की परक्या बाईंनी लावलेला दिवा इथल्या बायकांच्या हाती आला, तेव्हा तो घरोघरी पोचला.

म्हणून आमचा सल्ला असा: या मुलीने मास्तरीण होण्याच्या आधी आपली फातिमा शोधावी. राणीसावरगावात, कदाचित खालाच्याच गल्लीत, दहावी-बारावी झालेली आणि पुढे एसटीच्या रोजच्या प्रवासाला घरचे तयार नाहीत म्हणून भाकऱ्या थापत बसलेली एखादी मुलगी असेलच. वर्गात पुढे तिला उभे करावे, लंडनच्या पाहुणीने तिच्या पाठीशी उभे राहावे.

हे आम्ही नुसते भावनेने म्हणत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या. वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या तरुण मुली. सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वाचन, गणित पायापासून घ्यायचे. 2001 ते 2003 या काळात अर्थतज्ज्ञांनी त्याची पाहणी केली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यांत होते, ज्यांना पुढे 2019 चे नोबेल मिळाले. मुलांचे गुण वाढलेले दिसले आणि तळातल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. त्या सखींपैकी कोणी परदेशी नव्हती. मुलांची भाषा त्यांची भाषा होती, आणि शाळा सुटल्यावर त्या त्याच गल्लीत राहत होत्या.

भाषेवरून आठवले. लंडनची ही मुलगी घरी दखनी बोलते, मराठी तुटक, असे पत्रात आहे. ही अडचण वाटते, पण आमच्या मते हीच तिची मोठी मिळकत ठरेल. ज्या घरांत दखनी बोलतात आणि शाळेत मराठी, तिथल्या पहिलीच्या मुलाला रोज काय वाटते ते तिला चार दिवसांत कळेल. तिने मुलांकडून मराठी शिकावी. मास्तरीण चुकते आणि हसते, हे एकदा पाहिले की मुलांची इंग्रजीची भीती निम्मी पळते.

केव्हा यावे? जूनच्या उत्तरार्धात. ऊसतोडीची कुटुंबे गावी परतलेली असतात, शाळा जूनच्या मध्याला उघडते, पाऊस पडला तर उन्हाळाही सरतो, आणि विलायतेतल्या विद्यापीठांना तेव्हा लांब सुट्टी असते. निदान एक महिना तरी द्यावा. येण्याआधी नानांनी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटावे. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. तेव्हा बैठकीला खालानेही जावे. सरकारी बाजूही पाहून ठेवावी. मुलीकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल आणि ओसीआय कार्ड नसेल, तर ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवी काम जास्तीत जास्त एक महिना करता येते. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत. परदेशी पासपोर्टचा पाहुणा घरी उतरला की यजमानाने 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. नातच आहे, म्हणून नानांनी ते टाळू नये.

अब्बांच्या काळजीचे म्हणाल तर पाणी उकळून प्यावे, मच्छरदाणी लावावी. एखाद्या दिवशी पोट बिघडेल, वीज जाईल, मुलगी रात्री फोनवर रडेलही. लगेच तिकीट काढू नका. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत, आणि बॅगभर चॉकलेटे आणू नयेत, नाहीतर ती गेल्यावर मुले बालसखीकडेही रिकाम्या हातांकडेच बघतील. त्यापेक्षा मोठ्या अक्षरांची मराठी गोष्टींची पुस्तके परभणीतून घ्यावीत.

शेवटचा आठवडा तिने शिकवू नये. मागच्या बाकावर मुलांमध्ये बसावे. फळ्याजवळ ती गल्लीतली मुलगी एकटी उभी राहील, अडखळेल, वही उघडून पाहील आणि पुन्हा सुरू करील.