‘स्टार वॉर्स’च्या प्रीक्वेलची गोष्ट नेमकी कुठे फसली?

मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीत बसणाऱ्याला शेवटचं स्टेशन ठाऊक असतं. अनाकिन पुढे डार्थ वेडर होणार, हेही प्रेक्षकांना आधीच माहीत होतं. म्हणजे अडचण ती नव्हतीच.

जॉर्ज लुकास यांच्या पहिल्या प्रीक्वेलमध्ये (१९९९) अनाकिन अवघ्या ९ वर्षांचा, आणि सुरुवातच व्यापारी मार्गांवरच्या करवादाने! दुसऱ्याच्या (२००२) शेवटी क्लोन युद्ध पेटतं; तिसऱ्यात (२००५) ते संपतंही. अनाकिन आणि गुरू ओबी-वान यांची मैत्री याच युद्धात मुरली, पण ती वर्षं पडद्यावर आलीच नाहीत. मग ती तुटल्याचं दुःख प्रेक्षकाला कुठून होणार? पत्नी मरेल ही भीती पटते. त्यापायी तो लगेच लहान मुलांवर शस्त्र उगारतो, हे पटत नाही. मधली वर्षं पुढे २००८ला सुरू झालेल्या ‘द क्लोन वॉर्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेने दाखवली.