बाळाच्या वाटीला बागेतला गर



आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फळांना तोटा नाही. राहात्याचा पेरू, संगमनेरकडचे डाळिंब, श्रीगोंद्याचे लिंबू बाजारात नावाने विकले जाते. बांधावर पपईचे एखादे झाड आणि परसात सीताफळ तर कितीतरी घरी असते. पण तोडा झाला, क्रेट भरले, टेंपो गेला, की घरातल्या सात महिन्यांच्या बाळाच्या हातात काय येते? चहात बुडवलेले बिस्किट! ज्या घराने फळ पिकवले त्याच घरच्या लेकराला ते मिळू नये, हे काही बरे नाही.

रब्बीच्या ज्वारीला पोटरीत असताना पाणी चुकले, तर पुढे कितीही पाणी दिले तरी कणीस भरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बाळाचेही तसेच आहे. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचे दूध पुरेसे असते, वर पाणीसुद्धा लागत नाही. सहाव्या महिन्यानंतर मात्र नुसते दूध कमी पडते. जन्माच्या वेळी शरीरात आणलेला लोहाचा साठाही संपत येतो. इथून दोन वर्षांचे होईपर्यंतचा काळ म्हणजे बाळाची पोटरी. याच काळात वजन अडले, तर ते पुढे भरून काढणे फार अवघड जाते.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. गावोगावच्या बायांना, ज्यांतल्या कित्येक शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, बाळाचे वजन करायला, जुलाब थांबवायला आणि बाळाला वेळेवर खाऊ घालायला शिकवले गेले. १९९० नंतरच्या दशकात प्रकल्पाच्या गावांतला हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लसी आणि स्वच्छ पाणी यांचा त्यात मोठा वाटा होताच, पण घरच्या वाटीतले वेळेवरचे अन्नही त्यात होते.

आता कामाचे बोलू. बाळासाठी फळाचा गर करायला यंत्र लागत नाही. वाटी, चमचा आणि बारीक चाळणी पुरे. आधी साबणाने हात धुवा, भांडी उकळत्या पाण्यातून काढा आणि फळ सोलण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

केळे: पूर्ण पिकलेले घ्या आणि चमच्याने कुसकरा. घट्ट वाटले तर आईच्या दुधाने सैल करा.

पपई: सोलून बिया आणि आतला पांढरा पापुद्रा काढा, वाटीच्या बुडाने दाबा. अर्धकच्ची, चिकाची पपई घेऊ नका.

चिकू: हाताला मऊ लागेल असाच घ्या. कच्च्या चिकूच्या चिकाने तोंड तुरट होते. साल काढा आणि बिया मोजून काढा; चिकूच्या बीला आकडा असतो, तो घशात अडकतो.

पेरू: फोडी करून थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीतून गाळा. बी वर राहील, गर खाली येईल.

सीताफळ: गर चाळणीवर हलक्या हाताने फिरवा. बी फुटू देऊ नका, ती विषारी असते. तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

आंबा: गर पिळून गाळा, म्हणजे दोरे राहत नाहीत.

डाळिंबाचे दाणे आणि अख्खे द्राक्ष लहान बाळाला देऊ नका, घास अडकण्याची भीती असते. नुसता रसही वर्षाच्या आत नको. त्याने पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही. सफरचंद महाग मिळते म्हणून ते जास्त पौष्टिक, असे मुळीच नाही. आपला पेरू आणि पपई 'क' जीवनसत्त्वात त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा. आठवा महिना संपेपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, एका वेळेस सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीभर अन्नापर्यंत या. अंगावरचे दूध चालूच ठेवा. नवे फळ एका वेळी एकच द्या आणि दोन-तीन दिवस वाट पाहा, म्हणजे काय मानवते ते कळते. बाळाला बसवून, वाटी-चमच्याने भरवा. बाटली आणि बोंडले आतून नीट धुतले जात नाही, जुलाबाचे मूळ तिथेच असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. फळाचा गर हे बाळाचे जेवण नव्हे, तो जेवणाचा जोडीदार आहे. शंभर ग्रॅम केळ्यातून सुमारे शंभर उष्मांक मिळतात, तेवढ्याच पपईतून चाळीसच. नुसत्या गरावर बाळ वाढत नाही. म्हणून घट्ट वरण-भात, तूप घातलेली मऊ खिचडी किंवा नाचणीची लापशी द्या आणि त्याच जेवणाला दोन चमचे पेरू-पपईचा गर जोडा. फळातले 'क' जीवनसत्त्व नाचणी-डाळीतले लोह अंगी लावते. चहा नेमके उलट करतो, तो लोह अडवतो. चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळू नये, इतके अन्न दाट हवे.

गरात साखर, गूळ, मीठ घालू नका, फळाची गोडी पुरते. वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, मधात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्याच्या जिवावर बेतते. "केळ्याने सर्दी होते" असे सासूबाई म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. सर्दी घरातल्या शिंकणाऱ्या माणसाकडून येते, हे शांतपणे सांगा आणि केळे भरवताना त्यांनाच जवळ बसवा. नातवाचे वजन वाढलेले दिसले की त्याच चार घरी सांगतील.

बागायतदार घरांनी एवढे जरूर पाळावे. ज्या झाडावर नुकतीच फवारणी झाली, त्याचे फळ घरात आणू नका. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेले असते. कारभाऱ्यांकडून वाचून घ्या. औषधाची रिकामी बादली फळे धुवायला कधीही वापरू नका. आंबा-केळी कार्बाइडने पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे. बाळासाठी तरी घरी गवताच्या अढीत पिकवलेलेच फळ घ्या.

गर ताजा करा. उरलेला उन्हाळ्यात दोन तासांनंतर बाळाला देऊ नका, मोठ्यांनी खाऊन टाका. जुलाब लागले तरी खाणे बंद करू नका. दूध, मीठ-साखरेचे जीवनरक्षक पाणी आणि थोडे थोडे मऊ अन्न चालू ठेवा. बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि कार्डावरची रेघ वर चढते की नाही ते स्वतः पाहा.

येत्या तोड्याला क्रेट भरताना पहिले चांगले फळ बाजूला ठेवा. डागाळलेले, पाखराने टोचलेले नव्हे, चांगले. त्या एका फळाने पट्टीत फारसा फरक पडणार नाही. वाटीत मात्र पडेल.