चांगथांगच्या ओल्या कुरणांविषयी मराठी प्रवाशांस जाहीर निवेदन

लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग हा मुलूख 1987 साली शीत मरुभूमी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि सरकारी दफ्तरी त्याचे क्षेत्र सुमारे 4,000 चौरस किलोमीटर नोंदलेले असल्यामुळे, एवढ्या अफाट विस्तारात दहावीस तंबूंनी काय बिघडणार, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे बोलतात. हा समज मुळातच खोटा आहे. साडेचार हजार मीटर उंचीच्या त्या पर्जन्यवंचित पठारावर जीवसृष्टीचा संसार हिमजलाच्या ओहळांकाठी व झऱ्यांभोवती पसरलेल्या ओल्या कुरणांच्या अरुंद पट्ट्यांवर चालतो. कोरड्या माळावर चरणारी कियांग, म्हणजे रानगाढवे, तीही पाण्यासाठी अखेर तेथेच येतात.

त्सो कार पाहा. सुमारे 1,800 हेक्टरांचे ते सरोवर इतके खारे, की चांगपा पशुपालक पूर्वी त्याच्या काठचे मीठ गोळा करीत. परंतु त्याच्या दक्षिणेस स्तारत्सापुक त्सो हे जेमतेम 438 हेक्टरांचे गोडे पाणी आहे, आणि काळ्या मानेचा क्रौंच, ज्याची भारतातील वीण मुख्यत्वे लडाखातच होते, अशाच दलदलीतील चिमुकल्या बेटावर घरटे करून बहुधा दोनच अंडी घालतो. पुण्याच्या प्रकाश गोळे यांनी ज्याचा लडाखात जाऊन अभ्यास केला, तोच हा पक्षी. आज प्रवाशांच्या उष्ट्यावर पोसलेली भटकी कुत्री त्याची अंडी व पिले फस्त करतात. मोटारींच्या चाकोऱ्यांतून ओल निचरून जाते आणि हिरवळ वाळते.

दोष चांगपांच्या शेळ्यांवर ढकलण्याची रीत आहे. 1962 नंतर तिबेटकडील सीमा बंद झाल्या, तिबेटी निर्वासितांचे कळप आले, चराई वाढली, हे खरे. तथापि ऋतुमानाप्रमाणे तळ हलवून कुरणास उसंत देण्याची वहिवाट त्यांचीच आहे, आपली नव्हे. उलट जी जमीन नांगरली जात नाही ती पडीक, हा महसुली दृष्टिकोन मात्र अद्याप जिवंत आहे, आणि लडाखातील 13 गिगावॅट विजेच्या वहनासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिल्यानंतर कोणते माळ ‘रिकामे’ ठरणार, हा प्रश्न चांगपांना विचारल्यावाचून सोडवणे अन्यायाचे होईल.

आमची मागणी एवढीच, की ओल्या कुरणावर तंबू, वाहन व सांडपाणी यांना पूर्ण मज्जाव व्हावा. हुकूम निघेपर्यंत वाचकांनी थांबू नये. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी मुक्काम नेमका कोठे आहे ते विचारावे, आणि ‘अगदी पाण्याच्या काठी’ असे उत्तर आल्यास ती सहल नाकारावी.