आपण शाकाहारी, मग मेंदूत जंत कसा?



"आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग डुकराचा जंत मेंदूत कुठून आला?" अमरावती असो की अकोला, एखाद्याला फिट येऊन एमआरआयमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिस निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. लगेच दुसरा, त्या पोरालाच: "होस्टेलवर काय खाल्लंस?" आजारी लेकराची अशी उलटतपासणी मला मान्य नाही.

कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म वाढतो. मेंदूचा आजार मात्र त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी तोंडावाटे पोटात गेल्याने होतो. त्यासाठी मांस खावं लागत नाही. घाण पाण्यावर वाढलेली कोथिंबीर किंवा न धुतलेले हात पुरतात. अंडं मिलिमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढं, भाजी कितीही बारकाईने निवडा, दिसायचं नाही.

डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू घरांमध्येही हा आजार निघाला होता. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तशा चार रुग्णांची माहिती छापून आली. संसर्ग बहुधा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामाच्या बायकांकडून झाला होता. हे वाचून कामवालीला काढू नका बरं. तिच्यासकट घरातल्या सगळ्यांची संडासची तपासणी करून घ्या. आतड्यातला टेपवर्म औषधाने जातो, तिचंही भलं होईल.

आता स्टिरॉइडबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्या बायका विष दिल्यासारख्या दचकतात. अकोल्याच्या आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोळी पाचव्या दिवशी बंद केली. कारण काय, तर "चेहरा सुजेल, लग्नाची पोर आहे." दहा दिवसांत पुन्हा झटके. (कांदा वर्ज्य असलेल्या त्या घरात हुंगवायला कांदा शेजारून आणला होता!)

मेंदूतली गाठ जिवंत असते तेव्हा बरेचदा वर्षानुवर्षं गप्प असते. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर तुटून पडतं, आजूबाजूला सूज येते आणि झटके येतात. अल्बेंडाझोलने जंत मारायला घेतला तर ही सूज आणखी वाढू शकते, म्हणून सोबत स्टिरॉइड असतं. फिटची गोळी वेगळी, तीही चालूच ठेवायची. मेंदूवर फार सूज असेल किंवा डोळ्यात गाठ असेल तर जंताचं औषधच घातक ठरू शकतं. म्हणून "जंताचीच तर गोळी" म्हणत मेडिकलमधून परस्पर आणू नका. स्टिरॉइडने साखर वाढते, भूक वाढते, झोप उडते, हे खरं आहे. ते डॉक्टरांना सांगा. डोस कमी करत आणायचा तो त्यांनी. सासूने नाही, जाऊबाईने नाही.

आणि उपवास. पर्युषणात आजारी सुनेला अठाईचा आग्रह करणाऱ्या घरांवर माझा राग आहे. फिटची गोळी चुकली की झटका येऊ शकतो, आणि तो स्वयंपाकघरात शेगडीपाशी आला तर? पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेलाच आहे. तो कोणासाठी ठेवला मग? चौविहार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सूर्यास्ताआधी बसेल अशी वेळ जमते का, किंवा दिवसातून एकदाच घ्यायची गोळी चालते का, ते बघतील. संध्याकाळची गोळी आपल्या मनाने गाळायची नाही.

एवढी लपवाछपवी कशासाठी, तर स्थळं जातील म्हणून. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची अट १९९९ च्या दुरुस्तीने गेली. पण आपल्या बायोडाटा-मंडळींच्या मनातून काही ती गेलेली नाही. ह्या आजारात बरेचदा एकच गाठ असते, ती विरून जाते आणि पुढे डॉक्टर फिटची गोळीही बंद करतात. त्या अकोल्याच्या मुलीची दुसऱ्या खेपेला औषधं पूर्ण झाली. परवाच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही. आता फाइल कपाटात कुलपाआड ठेवायची की नाही, यावर तिच्या आईचं आणि माझं अजून भांडण चालू आहे.